ढवळणी दर ५० दिवसांनी का थांबते: टायमर ओव्हरफ्लो शोधणं आणि काढणं

"साहेब, टाकी गार हाय, तापमान दिसतंय, पण ढवळणी फिरंना. वर सायीचा थर धरलाय."

"मग काय केलंत?"

"मेन स्विच पाडला नि चढवला. झाली चालू."

सांगली जिल्ह्यातल्या एका गावातलं दूध संकलन केंद्र, तिथला बल्क कूलर आणि त्यावर आम्ही बसवलेला कंट्रोलर. केंद्राच्या ऑपरेटरदादांशी हे बोलणं दोनदा झालं होतं, आणि तिसऱ्यांदा फोन आला ३१ ऑक्टोबरला. दोनदा मी "सप्लायमध्ये काहीतरी आलं असेल" म्हणून सोडून दिलं होतं आणि ती माझी चूक होती. बल्क कूलरमध्ये दूध ४ अंशांच्या आसपास ठेवतात. ढवळणारी मोटर दर अर्ध्या तासाने दोन मिनिटं फिरते, त्यामुळे टाकीभर तापमान सारखं राहतं आणि साय वर येऊन बसत नाही. रात्रभर ती फिरली नाही तर सकाळी टँकरवाल्याने काढलेल्या नमुन्यात फॅट चुकतं, आणि ती घट शेवटी केंद्राच्या हिशोबात येते. म्हणून ही तक्रार "रिस्टार्ट करा" म्हणून मिटवण्यासारखी नव्हती.

खरा धागा ऑपरेटरदादांकडेच होता. पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला त्यांनी स्केच पेनने तारखा लिहून ठेवल्या होत्या: २३ जुलै, ११ सप्टेंबर, ३१ ऑक्टोबर. पॅनेल बसवलं होतं ३ जूनला. बोटांवर मोजलं तर तिन्ही अंतरं बरोबर ५० दिवसांची. सप्लायमधला झटका असा तारखा पाळून येत नाही.

आधी आकडा ओळखा

एखादा बिघाड ठरावीक अंतराने परत येत असेल, तर पहिलं काम म्हणजे ते अंतर सेकंदांपर्यंत जमेल तितकं अचूक काढणं. काउंटर म्हणजे दर टिकला (ठरावीक ठोक्याला) एकाने वाढणारा आकडा; भरला की तो पुन्हा शून्यावर येतो, यालाच ओव्हरफ्लो किंवा फेरा म्हणतात. प्रत्येक काउंटरला त्याच्या बिटांप्रमाणे आणि टिकच्या वेगाप्रमाणे एक ठरलेला फेरा असतो, आणि तो फेराच बिघाडाची सही असते. आमच्या कामात वारंवार भेटणारे आकडे असे:

६५.५ सेकंद: १६ बिटांचा काउंटर, १ मिलिसेकंदाची टिक.
७१ मिनिटं ३५ सेकंद: ३२ बिटांचा काउंटर, १ मायक्रोसेकंदाची टिक.
२४ दिवस २० तास ३१ मिनिटं: ३२ बिट, मिलिसेकंद, पण कुठेतरी साइन्ड (उणे आकडेही धरणारा, म्हणून मर्यादा निम्मी).
४९ दिवस १७ तास २ मिनिटं ४७ सेकंद: ३२ बिट अनसाइन्ड (उणे आकडे न धरणारा), मिलिसेकंद.
२४८ दिवस: ३२ बिट साइन्ड, १० मिलिसेकंदांची टिक.
४९७ दिवस: तोच काउंटर, पण अनसाइन्ड.

दारावरचं अंतर ५० दिवस आणि यादीत ४९ दिवस १७ तास, हे सुरुवातीला मला खटकलं. मग वेळा लावून पाहिल्या. दादा सकाळी सातच्या सुमाराला स्विच पाडून चढवतात. तिथून ४९ दिवस १७ तास मोजले तर मध्यरात्र उलटून जाते. केंद्रावर माणूस येतो सकाळी, साय दिसते सकाळी, आणि तारीख पडते दुसऱ्या दिवसाची. उरलेले सात तास तिथे गेले होते. हिशोब पुरा जुळला.

दुसरा प्रश्न: असेच कंट्रोलर इतर केंद्रांवरही होते, मग तक्रार एकट्या याच ठिकाणची का? कारण इथल्या कंट्रोलरचा सप्लाय इन्व्हर्टरवरून दिला होता. बाकी गावांत पन्नास दिवस सलग वीज राहतेय कुठे? लाइट गेली की कंट्रोलर बंद, आली की काउंटर पुन्हा शून्यापासून. वीज जाणं आमच्या चुकीवर पांघरूण घालत होतं. तुमचं उपकरण अजून कधी अडकलेलं नसेल, तर ते कधी सलग ५० दिवस चालू होतं का, हे आधी तपासा. टेबलावरची चाचणी आठवड्याची, फार तर पंधरा दिवसांची असते. त्यात हा दोष दिसणं शक्यच नाही.

हा प्रकार लहान कंपन्यांपुरता नाही. विंडोज ९५ आणि ९८ सलग ४९.७ दिवस चालू ठेवलं की अडकायचं. १४ सप्टेंबर २००४ ला कॅलिफोर्नियात पामडेल इथल्या हवाई वाहतूक नियंत्रण केंद्राचा विमानांशी असलेला आवाजी संपर्क तुटला, तोही याच ३२ बिटांच्या मिलिसेकंद काउंटरमुळे. दोष त्यांना आधीपासून माहीत होता. त्यावर उपाय म्हणून दर ३० दिवसांनी यंत्रणा रिस्टार्ट करायचा नियम होता, आणि एका खेपेला ते रिस्टार्ट राहून गेलं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ साठी आदेश काढला: विमान सलग २४८ दिवस विजेवर राहिलं तर जनरेटर नियंत्रकांमधला सॉफ्टवेअर काउंटर ओव्हरफ्लो होतो, सगळे नियंत्रक एकदम फेलसेफमध्ये (सुरक्षेसाठी काम थांबवण्याच्या स्थितीत) जाऊ शकतात आणि विमानातली एसी वीज पूर्ण जाऊ शकते. वरच्या यादीत २४८ कुठे बसतो ते पाहा.

म्हणून "महिन्यातून एकदा रिस्टार्ट करायला सांगू" हा उपाय मी मान्य करत नाही. माणूस विसरतो, आणि ते विसरेल त्याच दिवसाची काउंटर वाट पाहत असतो.

अडकलेलं नेमकं काय

रिस्टार्ट करण्याआधी पाच मिनिटं पॅनेलसमोर उभं राहणं फार मोलाचं. ३१ ऑक्टोबरला मी दादांना स्विचला हात लावू नका म्हणालो आणि फोनवरच एकेक गोष्ट विचारली. डिस्प्लेवर तापमान बदलतंय? हो. बटणं चालतात? हो. कॉम्प्रेसर चालू-बंद होतोय? हो. मॅन्युअलवर टाकून ढवळणी फिरते? फिरते. म्हणजे मोटर ठीक, रिले ठीक, प्रोग्रामही पळतोय. फक्त ढवळणीची "पुढची वेळ" येत नव्हती.

इथे वॉचडॉगचा (प्रोग्राम अडकला तर चिप रिसेट करणाऱ्या टायमरचा) काही उपयोग नसतो. मुख्य लूप (प्रोग्रामचा पुन्हा पुन्हा चालणारा भाग) नेमाने फिरतोय आणि वॉचडॉगला नेमाने थोपटतोय, मग तो कशाला रिसेट देईल? लूप थांबला तर वॉचडॉग धावून येतो. लूप चालू आहे पण चुकीच्या वेळेची वाट बघतोय, हे त्याला कळायला मार्ग नाही.

कोड उघडल्यावर हे दिसलं. नावं मराठीत लिहितो:

पुढची_वेळ = चालू + ३० मिनिटं
जर (चालू >= पुढची_वेळ) तर मोटर सुरू

"चालू" म्हणजे ३२ बिटांचा मिलिसेकंद काउंटर, ४,२९४,९६७,२९५ पर्यंत जाऊन पुढच्या टिकला शून्य होणारा. आणि "पुढची_वेळ"? ती कोणीतरी ६४ बिटांची केली होती, बेरीजही ६४ बिटांतच होत होती. हेतू चांगला होता, ओव्हरफ्लो नको म्हणून. पण घड्याळ ३२ बिटांचंच राहिलं. फेरा पूर्ण व्हायला अर्ध्या तासापेक्षा कमी वेळ उरला असताना ढवळणी बंद झाली, पुढची वेळ काढली, आणि ती ३२ बिटांच्या कमाल आकड्याच्याही पलीकडे गेली. चालू घड्याळ तिथे कधी पोचूच शकत नाही. ते शून्यावर आलं आणि मोटर कायमची वाट पाहत बसली.

दोन्ही ३२ बिटांचे असते तरी गोष्ट बरी झाली नसती, बिघाडाचं रूप बदललं असतं. पुढची वेळ फेरा मारून छोटा आकडा झाली असती, "चालू" त्याहून मोठा, म्हणून अट लगेच खरी. फेऱ्याआधीच्या शेवटच्या अर्ध्या तासात मोटर बंद झाली की क्षणात पुन्हा चालू. आणि शेवटच्या दोन मिनिटांत तर "कधी थांबायचं" ती वेळही फेरा मारते, तेव्हा लूपच्या प्रत्येक चकरेला चालू, बंद, चालू, बंद. कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) दोन मिनिटं असा खडखडला की त्याचे पॉइंट चिकटू शकतात किंवा एमसीबी पडू शकते. मग इलेक्ट्रिशियन येतो, मोटर तपासतो, एमसीबी बदलतो, आणि कोडकडे कोणाचं लक्षही जात नाही.

लाइट बिलाचं गणित

उपाय प्रत्येकाच्या घरच्या लाइट बिलावर छापलेला असतो: चालू रीडिंग, मागील रीडिंग, वापर. जुन्या चार आकडी मीटरचं मागील रीडिंग ९९९० आणि चालू रीडिंग ००१५ असलं, तर रीडिंग घेणारा गोंधळत नाही. मीटरचा फेरा पूर्ण झाला, वापर २५ युनिट. तो दोन रीडिंगमधलं लहान कुठलं, मोठं कुठलं हे ठरवत बसत नाही; वजाबाकी करतो आणि वापर पाहतो.

जर (चालू - मागील >= कालावधी) तर काम करा

तिन्ही आकडे ३२ बिट अनसाइन्ड असले की सी भाषेत ही वजाबाकी आपोआप फेऱ्याच्या हिशोबाने होते. अनसाइन्ड आकड्यांची वजाबाकी दोनच्या बत्तिसाव्या घातात गुंडाळली जाते, हे भाषेच्या नियमातच लिहिलेलं आहे, कंपायलरच्या मर्जीवर सोडलेलं नाही. साइन्ड आकड्यांचं तसं नाही. साइन्ड ओव्हरफ्लो झाला तर काय होईल याची भाषा कसलीही हमी देत नाही, आणि ऑप्टिमायझर (कंपायलरचा कोड वेगवान करणारा भाग) चालू केला की अटच्या अट गायब झालेली मी पाहिली आहे. म्हणून वेळेसाठी साइन्ड "इंट" किंवा "लाँग" (सी मधले पूर्णांकांचे प्रकार) दिसला की मी तिथे थांबतो.

बेरीज करून दोन क्षणांची तुलना करू नये, वजाबाकी करून अंतराची तुलना करावी. वर दिसणाऱ्या दोन ओळींमध्ये एवढाच फरक आहे. कोडमध्ये वेळेसोबत "+" दिसला की त्याच्यावर बोट ठेवा आणि तो कशासाठी आहे हे विचारा. आमच्या कोडमध्ये असे अकरा "+" निघाले. ढवळणीचा त्यातला एक.

टायमर मोजकेच असतील तर याहूनही सोपा, जुना मार्ग आहे: उलट मोजणी. प्रत्येक कामासाठी एक आकडा ठेवायचा, दर टिकला एकाने कमी करायचा आणि शून्यावर आला की थांबायचं. यात फेराच नाही. ज्यांच्याकडे चार-पाच टायमर आहेत त्यांनी हेच करावं असं माझं मत आहे. पाच टायमरसाठी हुशारी लागत नाही.

वजाबाकी करूनही चुकतं तिथे

आता खरा त्रासाचा भाग. "वजाबाकी करा" एवढं सगळीकडे वाचायला मिळतं, पण वजाबाकी लावल्यानंतर मी स्वतः चार वेगवेगळ्या प्रकारे अडकलो आहे.

पहिला प्रकार १६ बिटांचा. जुन्या आठ बिटांच्या बोर्डवर नीट चाललेला कोड आम्ही ३२ बिटांच्या एसटीएम३२ चिपवर नेला. मागील ६५,५३०, चालू १०, दोन्ही १६ बिट अनसाइन्ड. उत्तर १६ यायला हवं. आठ बिटांच्या एव्हीआर चिपवर ते १६ येतंही, कारण तिथे "इंट"च १६ बिटांचा असतो. पण ३२ बिटांच्या प्रोसेसरवर सी भाषा वजाबाकीआधी दोन्ही आकडे मुकाट्याने ३२ बिटांच्या साइन्ड "इंट"मध्ये बदलते. उत्तर येतं उणे ६५,५२०. कालावधी समजा १०० असेल, तर ते कधीच त्याहून मोठं होत नाही आणि टायमर अडकतो. तुलना अनसाइन्ड ३२ बिटांशी असेल तर तोच उणा आकडा प्रचंड मोठा दिसतो आणि टायमर लगेच सुटतो. एकाच ओळीतून दोन उलट बिघाड, म्हणून तो ओळखायला वेळ लागतो. औषध छोटंसं: वजाबाकीचं उत्तर पुन्हा १६ बिट अनसाइन्डमध्ये कास्ट करा (त्या प्रकारात बदला), मग तुलना.

दुसरा प्रकार आधी भागाकार करण्याचा. एखाद्याला मिलिसेकंद हवे असतात, हातात मायक्रोसेकंदांचा काउंटर असतो. तो काउंटर भागिले १००० असं फंक्शन लिहितो आणि त्यावर वजाबाकी करतो. दिसायला निर्दोष. पण आता हा नवा आकडा दोनच्या बत्तिसाव्या घाताला फेरा मारत नाही. तो ४,२९४,९६७ वर पोचून शून्य होतो. वजाबाकीचं गणित मात्र पूर्ण ३२ बिटांचा फेरा धरून चालतं. दर ७१ मिनिटं ३५ सेकंदांनी सगळे टायमर एकदम सुटतात. नियम असा: कच्च्या टिक वजा करा, भागाकार उत्तराला करा.

तिसरा प्रकार इंटरप्टचा (चालू काम मधेच थांबवून पळणाऱ्या छोट्या कोडचा), आणि तो कुठल्याही ठरावीक अंतराने येत नाही, म्हणून सगळ्यात जास्त छळतो. सिरियल पोर्टवर बाइट आला की इंटरप्ट "मागील" मध्ये वेळ टाकतो, आणि मुख्य लूप "चालू - मागील" पाहून लाइन बंद पडली का ते ठरवतो. लूपने आधी चालू वाचला, समजा ५०००. तेवढ्यात इंटरप्ट आला आणि मागील झाला ५००१. वजाबाकी उणे एक, म्हणजे अनसाइन्डमध्ये ४,२९४,९६७,२९५. आत्ताच बाइट आलेला असताना प्रोग्राम म्हणतो ४९ दिवस लाइनवर काही आलं नाही. महिन्यातून एखाद्या वेळी, कारण नसताना टाइमआउट. उपाय वाचण्याचा क्रम उलटा करणं: आधी मागीलची प्रत घ्या, मग चालू वाचा. मागील कायम चालूच्या मागेच राहिला पाहिजे.

आठ बिटांच्या प्रोसेसरवर याला जोडून आणखी एक दुखणं असतं. ३२ बिटांचा आकडा तो चार घासांत वाचतो. खालचे बाइट वाचून झाले, तेव्हा काउंटर ६५,५३५ वर होता. मधेच टिकचा इंटरप्ट आला, काउंटर ६५,५३६ झाला. मग वरचे बाइट वाचले. हातात आलेला आकडा १,३१,०७१, म्हणजे घड्याळ एका क्षणात ६५ सेकंद पुढे. आर्डुइनो बोर्डचं मिलिस() (मिलिसेकंद देणारं फंक्शन) हे टाळण्यासाठी वाचताना इंटरप्ट क्षणभर बंद ठेवतं. तुम्ही स्वतःचा काउंटर लिहिला असेल तर तुम्हालाही तेच करावं लागेल, किंवा दोनदा वाचून दोन्ही आकडे सारखे येईपर्यंत थांबावं लागेल. १६ बिटांच्या हार्डवेअर टायमरला सॉफ्टवेअरचा वरचा भाग जोडून ३२ बिट करणाऱ्यांनाही हेच लागू: वरचा भाग वाचा, खालचा वाचा, वरचा पुन्हा वाचा, बदलला असेल तर पुन्हा पहिल्यापासून. आणि हे वाचन इंटरप्ट बंद असताना होत असेल तर ओव्हरफ्लोचा फ्लॅगही (फेरा पडल्याची खूण) तपासा. हार्डवेअरने फेरा मारलेला असतो, पण वरचा भाग वाढवणारं काम अजून रांगेत असतं.

स्थिरांकाची चूक फेऱ्याची नाही, पण तिच्या शेजारीच राहते. आठ बिटांच्या बोर्डवर ३० * ६० * १००० असं लिहिलं की गुणाकार १६ बिटांत होतो. १८,००,००० च्या जागी सहसा ३०,५२८ हातात येतो आणि अर्ध्या तासाचं काम साडेतीस सेकंदांनी होऊ लागतं. आकड्यामागे यूएल (अनसाइन्ड लाँगची खूण) जोडा, बास.

माझ्याच उपायातून निघालेला दोष

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मी दुरुस्त फर्मवेअर (कंट्रोलरमधला प्रोग्राम) टाकलं. सगळीकडे एकसारखी पद्धत असावी म्हणून एकच मॅक्रो (नाव दिलेला कोडचा तुकडा) केला आणि सगळे टायमर त्यावर आणले. त्यात मी वजाबाकीचा दुसरा प्रकार वापरला, जो लिनक्स कर्नेलमध्येही (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातही) आहे: ठरलेली वेळ साठवायची, आणि चालूमधून ती वजा करून उत्तर साइन्ड म्हणून वाचायचं. शून्य किंवा वर असेल तर वेळ झाली. हे गणित बरोबर आहे, पण एका अटीवर: दोन वेळांमधलं अंतर अर्ध्या फेऱ्याच्या आत हवं. मिलिसेकंदांत अर्धा फेरा म्हणजे २४ दिवस २० तास.

टाकीला दोन कॉम्प्रेसर होते, एक रोजचा आणि एक स्टँडबाय. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर आतला दाब समान व्हायला वेळ लागतो, म्हणून तो तीन मिनिटं पुन्हा सुरू करू द्यायचा नसतो. हे काम आधी साध्या उलट मोजणीवर होतं आणि नीट होतं. मी ते काढून मॅक्रोवर आणलं.

स्टँडबाय शेवटचा फिरला २ डिसेंबरच्या सर्व्हिसिंगला. ६ जानेवारीला पहाटे रोजचा कॉम्प्रेसर ट्रिप झाला, कंट्रोलरने स्टँडबायला हुकूम दिला, आणि तीन मिनिटांच्या कुलुपाने तो अडवला. मधे ३५ दिवस गेले होते. अर्धा फेरा उलटल्यामुळे साइन्ड उत्तर उणं झालं होतं, म्हणजे "परवानगीची वेळ अजून यायची आहे". कुलूप आणखी जवळपास दोन आठवडे उघडणार नव्हतं. ऑपरेटरदादांनी सवयीने मेन स्विच पाडून चढवला, काउंटर शून्य झाला, स्टँडबाय सुरू झाला आणि रात्रीचं दूध वाचलं. जी गोष्ट करू नका म्हणून मी त्यांना सांगत होतो, तिनेच त्या दिवशी दूध वाचवलं. तो फोन ठेवल्यावर मी बराच वेळ कोडसमोर नुसता बसून होतो.

मीटर दोन रीडिंगांच्या मधे अख्खा फेरा फिरून गेला, तर वजाबाकी ते सांगू शकत नाही. साइन्ड पद्धतीत तर अर्धाच फेरा मिळतो. अनसाइन्ड "चालू - बंद_वेळ >= ३ मिनिटं" लिहिलं असतं, तर चूक दर ४९ दिवसांत तीन मिनिटांपुरती उरली असती. कमी, पण आहेच. पुरतं उत्तर असं: तीन मिनिटं एकदा उलटली की "परवानगी आहे" असा फ्लॅग लावून टाका आणि पुन्हा त्या जुन्या वेळेकडे पाहूच नका. कॉम्प्रेसर फिरून बंद होईल तेव्हाच फ्लॅग उतरवा. घडून गेलेली गोष्ट घडली म्हणून नोंदवून ठेवली की तिची तारीख शिळी होण्याचा प्रश्न राहत नाही. जे काम क्वचित घडतं, त्या प्रत्येक टायमरला हे लावा: स्टँडबाय पंप, आपत्कालीन हॉर्न, वर्षातून एकदा उघडणारा व्हॉल्व्ह. आणि "वेळ शून्य म्हणजे टायमर बंद" अशी खूण वापरत असाल तर तिथेही वेगळा फ्लॅग ठेवा, कारण फेऱ्यानंतर शून्य हीसुद्धा एक खरी वेळ असते.

५० दिवस थांबू नका

हा दोष टेबलावर दोन मिनिटांत दाखवता येतो. घड्याळ शून्यापासून सुरू करण्याऐवजी फेऱ्याच्या एक मिनिट आधीपासून सुरू करा: ४,२९४,९०७,२९६. लिनक्स कर्नेल नेमकं हेच करतो. तिथला टिक मोजणारा जिफीज काउंटर मुद्दाम अशा आकड्यावरून सुरू होतो की बूटनंतर पाचच मिनिटांनी फेरा पडावा, म्हणजे ज्याचा ड्रायव्हर चुकीचा आहे त्याला ते त्याच दिवशी कळतं. फ्रीआरटीओएस या लहान चिपांच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये यासाठी कॉन्फिग-इनिशियल-टिक-काउंट आहे. एसटीएम३२ च्या हॅलमध्ये (हार्डवेअर हाताळणाऱ्या तयार कोडमध्ये) यूडब्ल्यूटिक हा व्हेरिएबल सुरुवातीलाच बदलता येतो. आर्डुइनोत टायमर-झिरो-मिलिस, इंटरप्ट बंद करून.

मी आता सरळ एकच फंक्शन ठेवतो, जे हार्डवेअरच्या टिकमध्ये एक ऑफसेट (ठरवलेला आकडा) मिळवून वेळ देतं, आणि बाकी कोडला हार्डवेअरची टिक थेट वाचायला मनाई. चाचणीत तोच ऑफसेट तीन वेळा बदलून चालवतो: एक फेऱ्याच्या एक मिनिट आधी, एक अर्ध्या फेऱ्याच्या एक मिनिट आधी, आणि एक चाचणी चालू असतानाच घड्याळ ३० दिवस पुढे ढकलून. तिसरी चाचणी स्टँडबायने शिकवली. ढकलण्याआधी प्रत्येक आउटपुट एकदा चालवून बंद करायचं, मग ढकलायचं, मग प्रत्येकाला पुन्हा हुकूम द्यायचा. जो उठत नाही त्याचा कोड उघडायचा.

सगळंच ६४ बिट का करू नये, असा प्रश्न येतो. ईएसपी३२ सारख्या चिपवर मायक्रोसेकंदांचं ६४ बिटांचं घड्याळ तयारच मिळतं, तिथे जरूर वापरा. पण मग घड्याळापासून तुलनेपर्यंतचा प्रत्येक व्हेरिएबल, प्रत्येक स्ट्रक्चर, प्रत्येक फंक्शनचा परतावा ६४ बिटांचाच हवा. मधे एक जरी ३२ बिटांचा राहिला, तर आमच्या ढवळणीचा दोष पुन्हा तुमच्या दारात. आणि ३२ बिटांच्या प्रोसेसरवर ६४ बिट वाचणं दोन घासांचं काम आहे, हे विसरू नका.

शेवटची भर डिस्प्लेच्या सर्व्हिस मेनूत: "चालू आहे" म्हणून दिवस आणि तास. हा आकडा मिलिसेकंदांच्या काउंटरमधून काढलेला नाही, नाहीतर तो स्वतःच ४९ दिवसांनी शून्य होईल. त्याला सेकंदांचा वेगळा ३२ बिटांचा काउंटर दिला आहे, जो १३६ वर्षं पुरतो. प्रत्येक बिघाडाच्या नोंदीसोबत हा आकडा मेमरीत जातो, म्हणजे पुढच्या वेळी तारखा दारावर शोधाव्या लागणार नाहीत. केंद्रांवर सांगितलंय: काहीही अडकलं तर स्विच पाडण्याआधी या स्क्रीनचा फोटो काढून पाठवा.

मार्चमध्ये दादांचा फोटो आला, न मागता. स्क्रीनवर "चालू आहे ५३ दिवस ४ तास", खाली तापमान ३.९, ढवळणी ऑन.